पहिली मूद

॥ श्री ॥
जिंतूर,
रविवार, ता. ९ नोव्हेंबर १९५२

ती. सौ. वहिनीस,
काशीनाथचा सा. न. वि. वि.

तुझं दिवाळीनंतरचं पत्र पोचलं. चार पानांच्या पत्रात माझ्या नोकरीवर एक ओळ आणि माझ्या चुलीवर तीन पानं! पाकीट इतकं जाड, की हेडमास्तरांनी हातात देताना घरी सगळं ठीक आहे ना, असं काळजीनं विचारलं. आता त्यांना काय सांगू, की वहिनी विचारते आहे वरणाला फोडणी कशाची देतोस म्हणून?

तर ऐक. भात जमतो. पिठलं जमतं, पण गुठळ्यांसकट. भाकरी परातीतून तव्यावर जाईपर्यंत फाटते, म्हणून आमच्या घरमालकीण पार्वतीबाई रोज दोन भाकरी देतात आणि वर मास्तर, लगीन करा, असं सांगतात. शाळेत तिसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. मी सगळं उर्दूत शिकलेला, त्यामुळे धडा म्हणायच्या जागी तोंडातून सबक निघतं आणि पोरं खिदळतात. शुक्रवारची सुट्टी जाऊन रविवारची आली त्याला किती दिवस झाले, तरी शुक्रवारी सकाळी माझं अंग अंथरूण सोडत नाही.

प्रत्येक पत्रात तू विचारतेस, गोडाचं काही करता येतं का? अगं, एकट्या माणसाला गोड कशाला हवं? गुळाचा खडा तोंडात टाकला की झालं माझं पक्वान्न.

आता भांडणाचं. अण्णानं लिहिलंय की माघात तुझं ओटभरण करायचं घाटत होतं, आणि तू साफ नाही म्हणालीस. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर आपल्या घरात पाळणा हलायचा आहे, आणि तू नको म्हणतेस? आई गेल्यावर तू त्या घरात आलीस तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. तेव्हापासून तू मला अहो-जाहो करतेस आणि मी तुला अगं-तुगं. असा उलटा कारभार आपला. पण तुझी हौस करायची वेळ आली की तू पदर झटकून मोकळी. अक्का तर पूर्णेहून भांडायला येणार आहे. कारण काय ते मला तरी कळव.

बाबांना सा. नमस्कार. अण्णास नमस्कार. माझ्यावरची माया दुरून पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
काशीनाथ


॥ श्री ॥
पेडगाव,
ता. १७ नोव्हेंबर १९५२

चि. काशीनाथभावजींस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र पावलं. मामंजींना वाचून दाखवलं, लग्नाचं मात्र गाळलं. ते लगेच पत्रिका बघायला बसले असते. त्यांचा खोकला बरा आहे. थंडी पडली तरी पहाटेची विहिरीवरची आंघोळ काही सुटत नाही. शेतावर कापसाची वेचणी चालली आहे, त्यामुळे तुमच्या अण्णांचं दोन्ही वेळचं जेवण अवेळी होतं. माझी प्रकृती चांगली आहे. उगीच काळजी करू नये.

तुम्ही पाठवलेलं लुगडं नेसले. पदराचा रंग जरा भडक आहे, पण शेजारच्या बायकांना मुद्दाम दोनदा पाण्याला जाऊन दाखवून आले. माझ्या दिराच्या कमाईचं आहे, असं न विचारता सांगितलं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण तुम्हाला नाही लिहायचं तर कोणाला?

एकट्या माणसाला गोड कशाला म्हणता. बरं बापा. मी काही मागं लागत नाही. पाहुणा दारात उभा राहिला आणि घरात वाटीभर रवा असला की माणसाची अब्रू राहते, एवढंच माझं म्हणणं होतं. पुढे कधी तुमच्या मनात शिरा करायचं आलंच, तर तो मला विचारू नका. अक्कांना विचारा. का, ते विचारू नका.

ओटभरणाचंही तसंच समजा. बायका जमतात, पेढ्याची आणि बर्फीची वाटी झाकून ठेवतात, मग जी उचलाल त्यातलं तोंडात घालतात. ते मला नको आहे. तुम्ही कोणी वाईट वाटून घेऊ नये. देवाच्या मनात असेल तर सगळं वेळेवर होईल.

पार्वतीबाईंना माझा नमस्कार सांगा आणि भाकरीबद्दल त्यांचे उपकार मानते म्हणावं. थंडीत कानाला मफलर बांधत जा. पत्राची वाट पाहायला लावू नये.

सौ. अनसूया


॥ श्री ॥
जिंतूर,
ता. २६ नोव्हेंबर १९५२

ती. सौ. प्रभावतीअक्कास,
काशीनाथचा सा. न. वि. वि.

अक्का, हे पत्र एकटीनं वाच. भावजींना दाखवलंस तरी चालेल, पण पेडगावी यातलं अक्षर कळता कामा नये.

काल इथला आठवडी बाजार होता. तेल घेऊन परत येताना एक धनगरीण वाटेत आडवी उभी राहिली आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग तिनं विचारलं की पेडगावच्या भटाचं तापाचं पोरगं ते तूच का. मी चमकलो. तिचं नाव भिवराबाई. नवऱ्याचं नाव बिरू. त्यांची मेंढरं सध्या इथल्याच एका शेतात खतासाठी बसायला आहेत.

तुला माहीतच आहे, रझाकारांच्या दिवसांत बाबा आणि अण्णा आधी वऱ्हाडात निघून गेले होते, आणि वैशाखात वहिनी मला घेऊन मागून निघाली. मला वाटेत ताप आला आणि आम्ही एका ओळखीच्या ठिकाणी आठवडाभर राहिलो, एवढंच वहिनीनं सगळ्यांना सांगितलं होतं. मलाही त्यातलं फारसं आठवत नाही. ते ओळखीचं ठिकाण म्हणजे या भिवराबाईचा मेंढवाडा होता, अक्का! गाडीवान भिऊन अर्ध्या वाटेतून परत फिरला. वहिनी मला खांद्यावर रेलवून चालवत होती, तेव्हा या बाईनं आम्हाला वाड्यात घेतलं, घोंगडीवर निजवलं आणि मेंढीचं दूध पाजलं. बाबांच्या सोवळ्यापुढे वहिनी हे कशी सांगणार होती?

भिवराबाई म्हणाली की तू तापात लय बडबडायलतास, वहिनी शिरा दे, वहिनी शिरा दे, हेच लावलंतास. बाईपाशी रवा न्हाई, गूळ न्हाई. ती नुसती तुझ्या डोक्यावर हात फिरवीत रडायलती. दुसऱ्या दिवशी लिंबाखाली त्यांच्या बिरोबाचा दगड होता, त्याच्यापुढे वहिनीनं पाणी सोडलं. भिवराबाई तिच्या मागंच उभी होती. वहिनी बोलली ते असं, की याला उतार पडू दे. हा स्वतःच्या पायावर उभा राहून, आपल्या कमाईच्या रव्याचा शिरा आपल्या हातानं करून, मी न मागता मला खाऊ घालील, तोवर गोडाला शिवणार नाही.

एवढं सांगून भिवराबाईनं मला विचारलं, मग बाईनं खाल्लं का न्हाई गोड? मी हातातलं तेल खाली ठेवलं. बाजारात भर रस्त्यात मी उभा होतो.

अक्का, आपल्या कोणाच्याच कसं लक्षात आलं नाही? तिनं प्रत्येक सणाला गोड केलं. पण नैवेद्य करणारा चाखून बघत नाही, आणि ती जेवायला बसते ती सगळ्यांच्या मागून, एकटी. तिच्या ताटात कोण बघायला गेलं? आता ओटभरण का नको म्हणते तेही कळलं. पेढा-बर्फी तोंडात घालणाऱ्या बायकांना ती काय सांगणार? भिवराबाई जाताना बजावून गेली की बोललेलं बाळंतपणाच्या आत फिटलं पाहिजे, ते अंगावर घेऊन बाईनं खाटेवर जाऊ नये. मी असल्या गोष्टी मानतो की नाही हे मला माहीत नाही. वहिनी मानते, आणि ती मनात भीती धरून बाळंतपणाला जाणार असेल तर मला इथं झोप लागायची नाही.

तेव्हा मला शिरा शिकव. पाण्यात रवा आधी की रव्यात पाणी आधी, एवढंही मला माहीत नाही. भिवराबाईनं गाडगंभर तूप दिलं आहे. पैसे घेईना. मेंढीचं तूप आहे. ते चालेल का, तेही कळव.

तुझ्या पाया पडून,
काशीनाथ


॥ श्री ॥
पूर्णा,
ता. २ डिसेंबर १९५२

चि. काशीनाथ यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी डोळ्याला पदर लावून बसले होते. हे ड्यूटीवरून आले, त्यांना वाटलं कोणी गेलं की काय. मग त्यांनी वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आई गेली तेव्हा माझं लग्न होऊन गेलं होतं. तुझ्या पाठीशी कोण राहील, या विचारानं मी सासरी रडायची. कोण राहिलं ते आज पुरतं कळलं. अनसूयावहिनी वयानं माझ्याहून लहान, तरी पुढच्या भेटीत मी तिच्या पाया पडणार आहे. ती पाय मागे घेईल, तर धरून ठेवीन.

आता शिरा. तुझ्यासारख्या ढ माणसाला शिकवायचा म्हणजे बैजवार लिहिलं पाहिजे. दुकानातला रवा आणू नकोस, त्यात पोरकिडे असतात. बन्सी गहू घे, निवड, पाण्याचा हात लावून फडक्यात गच्च बांधून ठेव. सकाळी जात्यावर भरड दळ. पीठ चाळून काढ, कोंडा सुपानं पाखडून काढ, मग जो उरेल तो रवा. दळायचं तूच. पार्वतीबाईंना जात्याला हात लावू देऊ नकोस, नाहीतर आपल्या हातानं कसलं?

तूप कढईत सढळ घाल. रवा मंद आचेवर भाज. घाई केलीस की वरून तांबूस आणि आत कच्चा राहतो. भाजल्याचा वास माजघरापर्यंत गेला की समज झालं. मग उकळतं दूध-पाणी बेतानं ओत, अंगावर उडतं, मागे हो. झाकण ठेवून वाफ येऊ दे. रवा पुरता फुलल्याशिवाय साखर घालायची नाही, आधी घातलीस तर तो दडस राहतो. साखर घातल्यावर तूप सुटेपर्यंत हलव. वेलदोडा शेवटी.

पेडगावला जाऊन तिथंच कर. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पारण्याला गोडाचा नैवेद्य असतोच, कोणाला शंका यायची नाही. बाबा सोवळ्यावाचून चुलीपाशी फिरकू देणार नाहीत. तेव्हा सगळं सामान आधीच चुलीपाशी मांडून घे. एकदा सोवळ्यात गेलास की बाहेरच्या कशाला हात लावता येणार नाही. आणि हो, नैवेद्याचा आहे, उष्टावून बघू नकोस. खादाडपणा आवर.

तुपाचं म्हणशील तर तुपाला कसला आलाय विटाळ! गायीचं की मेंढीचं, हे बाबांनी विचारलं तरच सांग. त्यांनी विचारलं नाही तर तू कशाला तोंड उघडतोस?

कसा झाला ते परतीच्या टपालानं कळव. इकडे माझा जीव टांगणीला आहे. मोठ्या बहिणीला विसरणार नाहीस हे ठाऊक आहे, तरी लिहिते, विसरू नकोस.

तुझी अक्का,
सौ. प्रभावती


॥ श्री ॥
जिंतूर,
ता. १६ डिसेंबर १९५२

ती. सौ. अक्कास,
काशीनाथचा सा. न. वि. वि.

अक्का, फत्ते झाली! आधीपासून सांगतो.

शुक्रवारी पहाटे मी जात्याला बसलो. पुरुषमाणूस दळायला बसलेला या गल्लीनं कधी पाहिला नव्हता. मास्तर दळायलेत, बघायला या, असा पार्वतीबाईंनी पुकाराच केला आणि दारात पाच-सहा बायका जमल्या. ओवी म्हटल्याशिवाय जातं हलकं व्हत न्हाई, असं एकीनं सांगितलं. मला ओवी कुठली यायला? मी बेचा पाढा म्हणत दळलं. हाताला फोड आले, पण रवा असा निघाला की पार्वतीबाईंनी चिमटीत घेऊन मान डोलावली.

शनिवारी शाळा सुटल्यावर मोटारीनं परभणी आणि तिथून गाडीनं पेडगाव. उद्याचा नैवेद्य मी करणार, हे सांगितल्यावर बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. अण्णा हसला. वहिनी तुळशीपाशी दिवा लावायला गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

सकाळी आंघोळ करून सोवळ्याची धाबळी नेसलो आणि वहिनीला स्वयंपाकघराबाहेर काढलं. त्यानंतरचं मला धड आठवतही नाही. तुझं पत्र पाठ केलं होतं, पण चूल धुमसायला लागली, डोळ्यांतून पाणी, तिकडे बाबा नैवेद्याची वेळ झाली म्हणून ओरडतायत. रवा मात्र तू सांगितलास तसा भाजला. वास माजघराच्याही पुढे ओसरीवर गेला, कारण बाबांनी तिथून विचारलं की तूप कुठलं आहे रे, फार खमंग वास येतोय. जिंतूरचं, असं मी सांगितलं. खोटं थोडंच होतं?

नैवेद्य दाखवून झाल्यावर मी बाबांना म्हणालो, आज पहिली मूद वहिनीला वाढतो. तुम्ही परवानगी द्या. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, दोन जिवांची बाई आहे, बसू दे तिला आधी. पाट मांडला. वहिनी अंग चोरून बसली. मी वाटीनं मूद पाडली. तिनं आधी मुदीचा वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, हात जोडले आणि पहिला घास घेतला. घास तोंडात तसाच ठेवून ती थांबली. मग तिच्या डोळ्यांतून जे पाणी सुरू झालं ते शेवटच्या घासापर्यंत थांबलं नाही. पण खाल्ली सगळी. ताटात कण ठेवला नाही. अक्का, मी परीक्षा पास झालो तेव्हाही असा आनंद झाला नव्हता.

शिरा मात्र थोडा घट्ट झाला होता. वहिनीनं उठून हात धुतले, ओल्या हातानंच कढई पुन्हा चुलीवर ठेवली आणि दुधाचा हबका मारून आणते म्हणाली. मग आम्ही पुरुष बसलो. काय सांगू! बाबांनी दोनदा मागून घेतला. अण्णानं कढई खरवडली.

एकच गंमत. परत येताना माझ्या कोटाला कुठून कोण जाणे मुंग्या लागल्या होत्या. परभणीपर्यंत त्यांनी मला फोडून काढलं. डब्यातली माणसं माझ्यापासून लांब सरकली.

तुझ्या शिकवणुकीचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. भावजींना नमस्कार. आहे तो जिव्हाळा उणा होऊ देऊ नकोस.

तुझा,
काशीनाथ


॥ श्री ॥
पेडगाव,
ता. २२ डिसेंबर १९५२

चि. काशीनाथभावजींस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. लिहायला आठ दिवस लावले, कारण काय लिहू ते सुचत नव्हतं. आज दुपारी सगळं आवरून बसले आहे.

मूद पुढ्यात आली तेव्हाच मी तूप ओळखलं. तो वास मी मरेपर्यंत विसरायची नाही. त्या वाड्यावर भिवराबाईनं तुम्हाला हेच तूप चाटवलं होतं आणि तुमच्या छातीला चोळलंही होतं. तेव्हा ती तुम्हाला भेटली आणि तिनं तुम्हाला सगळं सांगितलं, हे मला न सांगता कळलं. मी मागितलं नाही, तिनं आपणहून सांगितलं. देवाला यात बोट ठेवायला जागा नाही. भावजी, तो बिरोबाचा दगड होता आणि आपण देशस्थ ब्राह्मण, पण त्या दिवशी दुसरा कोणता देव माझ्या हाताशी नव्हता. त्यानं तुम्हाला परत दिलं. मी त्याची आणि त्या बाईची जन्माची ऋणी आहे.

मामंजींना मी परवा सगळं सांगितलं. आता लपवायचं कशाला? ते बराच वेळ जपमाळ हातात धरून बसले. ओढत मात्र नव्हते. संध्याकाळी तुमच्या अण्णांना बोलावून म्हणाले, परभणीहून एक चांगलं लुगडं आणि चोळीचा खण आणून ठेव, त्या बाईंना ओटभरणाला बोलवा, पहिली ओटी त्यांनी भरायची. ओटभरण होणार हेही मला तेव्हाच कळलं. माघात आहे. निरोप घेऊन तुम्हीच त्यांच्या वाड्यावर जा.

आता एक गोष्ट सांगते. ती अक्कांनाही सांगू नका, नाहीतर त्या जन्मभर तुम्हाला बोलतील.

शिऱ्यात साखर नव्हती.

खरंच सांगते. पहिला घास तोंडात घातला आणि थांबले ती म्हणूनच. इतक्या वर्षांत जीभ गोड विसरली की काय, असं आधी वाटलं. दुसऱ्या घासाला खात्री झाली. मग मला आठवलं, तुम्ही सोवळ्यात असताना मी माजघरात गेले होते, तेव्हा खुंटीवरच्या तुमच्या कोटाकडे मुंग्यांची रांग भिंतीवरून चालली होती. मी म्हटलं शाळेतल्या पोरांसाठी पेपरमिंट आणली असतील. पुडी खिशात राहिली, तुम्ही सोवळ्यात, कोटाला शिवायचं नाही, आणि नैवेद्य म्हणून कोणी चाखलेला नाही! मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. तुम्ही समोर उभे होतात, हाताला फोड, डोळे धुरानं लाल, आणि मी काय म्हणते म्हणून जीव मुठीत धरलेला. मी काय म्हणणार होते? सगळी मूद खाल्ली. तशीच, फिकी. मग कढई आत नेली, पुडी काढून साखर घातली, दुधाचा हबका मारला आणि तुम्हाला वाढायला आणली. कागद चुलीत टाकला. मुंग्या काही झटकायला वेळ मिळाला नाही, तेवढं माफ करा.

देवालाही फिकाच नैवेद्य गेला. त्यानं तक्रार केलेली नाही, तेव्हा तुम्हीही हळहळू नका. तुमच्या कमाईचा होता, तुमच्या हातचा होता, न मागता आला होता. माझं बोललेलं त्या मुदीत फिटलं. त्या रात्री मी किती वर्षांनी निर्धास्त झोपले, आणि पोटातल्या पोरानंही रात्रभर त्रास दिला नाही.

पण मामंजींनी दोनदा घेतला, तुमच्या अण्णांनी कढई खरवडली, तुम्ही बोटं चाटलीत, आणि मी मागून जेवायला बसले तेव्हा कढईत पाणी घातलेलं होतं. म्हणजे गोड अजून माझ्या तोंडात गेलेलंच नाही. घरात साखर आहे, गूळ आहे, मला कोणी अडवलेलं नाही. पण सुरुवात कशानं करायची ते मी ठरवलं आहे.

माघात या. रवा दळून आणा, भिवराबाईंना सोबत आणा, आणि कोट मी स्वतः तपासल्याशिवाय चुलीपाशी जाऊ नका. त्या वाड्यावर तुम्ही तापात माझ्याकडे मागत होतात आणि मला देता आलं नाही. त्यानंतर मी कधी कोणाकडे काही मागितलं नाही. आता मागते. भावजी, मला शिरा करून घाला.

तुमची,
सौ. अनसूयावहिनी